फक्त एकीला दाखवलेली खिरापत

“मुलींनो, काही छायाचित्रं ही त्या प्रकारची असतात,” खानविलकर सर म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

ग्लास रिकामा झाला तरी प्रकार काही पुढं सरकला नाही. वसतिगृहाच्या जेवणघरात भिंतीवर चादर ताणली होती आणि चादरीवर एका मोबाईलचं चित्र पडलं होतं. मोबाईलमधून एक लाल बाण बाहेर निघालेला. सर त्या बाणावर छडी ठेवत, पण तोंडानं बोलायची वेळ आली की खिडकीबाहेरच्या शेवग्याकडं बघत. ते आमच्या कॉलेजचे उपप्राचार्य, वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आणि समोर आम्ही सगळ्या एकोणीस-वीस वर्षांच्या घोड्या. सर ज्या शब्दाला अडले होते तो आम्हाला येत होता, आणि त्यांच्या तोंडून तो कधी एकदा पडतो याची आम्ही वाट बघत होतो.

पडला नाही. सर शेवटी म्हणाले, “वस्त्रांच्या दृष्टीनं अपूर्ण अशी छायाचित्रं. ती कुणालाही पाठवू नयेत. एकदा हातातून गेली की गेली. काही शंका?”

शंका कुणाला असणार. चहाचा वास सुटला होता. तेवढ्यात माझ्या शेजारून केतकीचा हात वर गेला.

“सर, समजा माणूस विश्वासातला असेल तर?”

सगळं जेवणघर हसलं. सरांनी रिकामा ग्लास पुन्हा उचलला. “विश्वास ही सापेक्ष बाब आहे,” ते म्हणाले. “चला, चहा गार होतोय.”

दोन माणसं हसली नाहीत. एक मी, कारण तो विश्वासातला माणूस कोण ते मला माहीत होतं. दुसऱ्या पाटोळेबाई, आमच्या रेक्टर. त्या मागं दाराला टेकून उभ्या होत्या. आयुष्यभर एका शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नव्हती. बाईंनी केतकीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि चहाच्या किटलीकडं निघून गेल्या.

केतकी तारळेकर माझी खोलीवाली. विट्याला तिच्या वडिलांचं फरसाणचं दुकान होतं, त्यामुळं आमच्या खोलीत पुस्तकं कमी आणि शेवेच्या पिशव्या जास्त. स्वभावानं अशी भोळी, की रिक्षावाल्यानं “सुट्टे नाहीत” म्हटलं तर हीच त्याची समजूत घालायची. त्या वर्षी यशोधन नावाचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा तिच्या आयुष्यात आला होता. मोटारसायकल चांगली होती, केस चांगले होते, बोलणं तर फारच चांगलं होतं. रविवारी रात्री तो ट्रेनिंगसाठी पुण्याला जाणार होता आणि त्याच्या आदल्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. भेट म्हणून त्याला केतकीचा एक फोटो हवा होता. खानविलकर सरांच्या भाषेत अपूर्ण.

“शनिवारी हादगा संपला की सगळ्या अंगणात असतील,” केतकी मला खोलीत म्हणाली. “तेव्हा काढायचा. आणि वैजू, काढायचा तू. माझा हात हलतो.”

“मी नाही काढणार.”

“तो बघितल्या बघितल्या पुसून टाकणार आहे. शपथ घातलीय मी त्याला.”

“मग बघतोय कशाला? न बघताच पुसायला सांग की.”

“तुला नाही कळायचं. तुला कुणी मागितलाय का कधी?”

हे लागलं मला. कुणी मागितला नव्हता हे खरंच होतं. मी चादर तोंडावर ओढून घेतली आणि आम्ही दोन दिवस बोललो नाही. पण आतून मला भीती वाटत होती. ती हट्टाला पेटली की माझ्याशिवायही फोटो काढेल, आरशासमोर उभी राहून काढेल, हे मी ओळखून होते. तिला थांबवायचं कसं ते मात्र मला सुचत नव्हतं. वडिलांना सांगितलं असतं तर तिचं शिक्षणच थांबलं असतं.

आता हादग्याचं सांगते. हस्त नक्षत्र लागलं की आमच्या वसतिगृहात रोज संध्याकाळी पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. खिरापतीचा डबा झाकलेला असतो. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय तो उघडत नाही. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, असं विचारत विचारत मुली जवळ जातात, आणि जिची खिरापत ओळखू येत नाही तिची कॉलर ताठ. शेवटच्या दिवशीची खिरापत पाटोळेबाई स्वतः करायच्या. ती आजवर कुणालाही ओळखता आली नव्हती. एका वर्षी त्यांनी कलिंगडाच्या सालीच्या वड्या केल्या होत्या. दुसऱ्या वर्षी काय होतं ते खाल्ल्यावरसुद्धा कळलं नव्हतं.

बाई पैज लावायच्या. “ओळखलीत तर रविवारी सगळ्यांना सिनेमा. नाही ओळखलीत तर आठवडाभर जेवणघर तुम्ही झाडायचं.” त्यामुळं दरवर्षी हादगा संपला की हातात केरसुणी ठरलेलीच.

शनिवारी दुपारी केतकीचा मोबाईल वाजला. आमचा अबोला चालूच होता, तरी तिनं एकदा पडद्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी अबोला विसरले.

“कुणाचा आलाय?”

“कुणाचा नाही.”

“यशोधनचा?”

“छे गं. बाईंचा.” तिनं दाराकडं बघून आवाज खाली आणला. “खिरापतीचा फोटो पाठवलाय. वर लिहिलंय, तुझ्या वडिलांचं दुकान आहे, तुला कळतं, रंग बरोबर आलाय का बघ. फक्त तुला पाठवतेय. कुणाला दाखवू नकोस.”

“मग नको दाखवू,” मी म्हणाले आणि तिच्या पलंगावर जाऊन बसले.

केतकीनं मोबाईल छातीशी धरला. मग म्हणाली, “फक्त तुला हं. तू काय परकी नाहीस.”

फोटोत स्टीलचा मोठा डबा होता, आणि डब्यात ज्वारीच्या पिठाच्या लसूण घातलेल्या शंकरपाळ्या. केतकीनं त्या एका नजरेत ओळखल्या. पण माझी नजर डब्यावर टिकलीच नाही. डब्याचं झाकण बाईंनी मागं भिंतीला टेकवून उभं केलं होतं. झाकण नवं कोरं, आरशागत लख्ख. आणि त्यात बाई स्वतः दिसत होत्या. अंगात फुलाफुलांची मॅक्सी, केसांना काळी मेंदी थापलेली, त्यावर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी घातलेली आणि गळ्यात शिट्टी.

मी हसून हसून पलंगावरून खाली आले. केतकी तोंडात उशी धरून हसत होती. अबोला कुठल्या कुठं गेला.

“मला पाठव,” मी म्हणाले. “पुन्हा एकदा बघून पुसून टाकते.”

तिनं पाठवला. मी पुन्हा एकदा बघितला, पुन्हा हसले. आता पुसायचा, एवढ्यात समोरच्या खोलीतली शमा मुलाणी आली. तिचं रसायनाचं प्रॅक्टिकल बिघडलं होतं आणि सकाळपासून तिनं डोळे पुसून पुसून लाल केले होते. दुःखी मुलीला हसवणं हे पुण्यच. मी तिला म्हणाले, “शमा, फक्त तुला दाखवते हं.”

शमा हसली आणि तिनं तो स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला. तिनंही मग पुण्य करायचं ठरवलं असावं.

त्या संध्याकाळी अंगणात फेर धरला तेव्हा गाणी रोजच्यापेक्षा वरच्या पट्टीत होती. बाई डबा घेऊन आल्या, केस काळेभोर, अंगावर इस्त्रीची साडी. त्यांना बघून आख्खा फेर एकदम खोकला. बाईंनी डबा पाटाजवळ ठेवला आणि वर हात टेकला.

“हं. ओळखा.”

“गोड का तिखट?” कुणीतरी विचारलं, आणि दुसरी तोंडात पदर कोंबून मागं पळाली.

“तिखट.”

खरं म्हणजे थोडं नाटक करायचं ठरलं होतं. आधी चकली म्हणायचं, मग कडबोळी, मग जरा डोकं खाजवायचं. पण पहिल्या वर्षाची एक बारकी मुलगी होती, तिला एवढी कळ कुठली. तिनं एका दमात सांगून टाकलं, “ज्वारीच्या पिठाच्या शंकरपाळ्या, लसूण घालून, मोठ्या डब्यात.”

“नाक चांगलं आहे गं तुझं,” बाई म्हणाल्या. “डबा मोठा आहे तेसुद्धा वासावरून कळलं?”

बारकी दुसरीच्या मागं सरकली. बाईंनी झाकण उघडलं, सगळ्यांना ओंजळ-ओंजळ शंकरपाळ्या वाटल्या. “जिंकलात. सिनेमा पक्का,” म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. शंकरपाळ्या कुरकुरीत होत्या. मग बाईंनी कमरेचा मोबाईल काढला आणि पाटावर, हत्तीच्या पाठीवर ठेवला.

“आता हा डबा ओळखा. यात काय आहे?”

कुणाच्याच तोंडातली शंकरपाळी पुढं सरकेना.

“मीच सांगते. यात एक फोटो आहे. मी दुपारी एकीला पाठवला होता. पाच वाजता तो मला परत आला. कऱ्हाडहून. माझ्या विहीणबाईंनी पाठवलाय. खाली लिहिलंय, कुण्या होस्टेलची रेक्टर बघा, आणि हसण्याची तोंडं टाकलीत, ओळभर. बाईचा चेहरा झाकणात बारीक दिसतोय, त्यामुळं त्यांनी मला ओळखलं नाही. शिट्टी बघून उद्या ओळखतील.” बाईंनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. “आता एकेकीनं सांगायचं. बारके, तुला कुणी दाखवला?”

बारकीनं एकीकडं बोट केलं. तिनं दुसरीकडं. अंगणात बोटांची माळच लागली. प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होती, “बाई, मी फक्त एकीला दाखवला.” एक म्हणाली, “मी तर आत्येबहिणीला पाठवला, ती इथं राहतसुद्धा नाही.” ती कऱ्हाडची निघाली. माळ शमाजवळ आली, शमाकडून माझ्याजवळ. मी बोट उचलायच्या आतच केतकी पुढं झाली होती. तिचे कान तांबडेलाल झाले होते.

“बाई, माझ्याकडून गेला.”

“तू किती जणींना दाखवलास?”

“एकीला.” तिनं माझ्याकडं बघितलं. “ती विश्वासातली होती.”

“असणारच,” बाई म्हणाल्या. “तुझी विश्वासातली, तिची विश्वासातली, सगळ्याच विश्वासातल्या. मी इथं चोर शोधतेय आणि चोर कुणी नाहीच.”

बाईंनी मोबाईल उचलून पुन्हा त्या फोटोकडं बघितलं.

“झाकणात मी दिसतेय हे मला माहीत नव्हतं असं वाटतं होय तुम्हाला? झाकण मीच लावलं. पिशवी मीच घातली. चार वेळा फोटो काढला, तेव्हा कुठं पिशवी नीट आली. त्या दिवशी खानविलकर सर बोलले ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. म्हटलं आपण खिरापत करून बघू.” त्यांनी मोबाईल पुन्हा कमरेला खोचला. “आपणच ठरवून केलंय, मग आपल्याला काय वाटायचंय, असं मला वाटलं होतं. पण विहीणबाईंची ती हसणारी तोंडं बघितली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. ठरवून केलं तरी लागलं गं. आणि माझ्या अंगावर सगळे कपडे होते.”

एवढं बोलून त्यांनी शिट्टी फुंकली. सवयीनं आम्ही रांगेत उभ्या राहिलो आणि आपापल्या खोल्यांकडं चालू लागलो.

खोलीत केतकी बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून होती. मोबाईल वाजला. यशोधनच होता. तिनं मला वाचून दाखवलं, “वाढदिवस संपत आला. भेट कुठंय?”

माझी बोलायची सोय कुठं राहिली होती? पुसते म्हणून घेतलेला फोटो माझ्याही मोबाईलमध्ये तसाच होता. केतकी उठली. तिनं कपाटातून शेवेची रिकामी पिशवी काढली, वडिलांच्या दुकानाचं नाव छापलेली, आणि ती कपाळापर्यंत खाली ओढून डोक्यात घातली. मग भिंतीला टेकून माझ्यासमोर उभी राहिली. सलवार-कमीज, वर ओढणी, हातात शंकरपाळी.

“काढ,” ती म्हणाली.

मी काढला. तिनं तो यशोधनला पाठवला आणि खाली लिहिलं, फक्त तुझ्यासाठी, कुणाला दाखवू नकोस, माझी शपथ. नंतर ती मला म्हणाली, “त्यानं नाही दाखवला तर तो विश्वासातला, हे तू मानायचंस.”

“आणि दाखवला तर?”

ती पिशवीची घडी घालू लागली. मला वाटतं, त्यानं तो दाखवू नये असं तिला मनापासून वाटत होतं. मलाही वाटत होतं, हे आज खरं सांगते. तिचं तोंड बघून वाटत होतं.

रविवारी दुपारी आम्ही सगळ्या सिनेमाला निघालो, रस्ता भरून. थिएटरच्या फाटकापाशी मोटारसायकली लावून पोरांचा घोळका उभा होता. केतकी दिसताच घोळक्यात कुजबुज झाली. एक लांब कल्ल्यांचा पोरगा, ज्याला आम्ही जन्मात कधी बघितलं नव्हतं, तो मोठ्यानं म्हणाला, “वहिनी, पिशवी विसरलात काय आज?”

पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्या मागं यशोधन उभा होता. तो बुटाच्या टोकानं खडी उकरत म्हणाला, “गप रे.”

केतकी उभी राहिली. तिच्याबरोबर सगळं वसतिगृह उभं राहिलं. मी तिचा हात धरला. तो सोडवून घेऊन ती सरळ यशोधनपुढं गेली.

“किती जणांना दाखवलास?”

“अगं, तसं काही नाही,” यशोधन म्हणाला. “फक्त एकाला.”

आधी शमाला हसू फुटलं. मग बारकीला, मग सगळ्यांना. भर रस्त्यात साऱ्या मुली एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या आणि यशोधन खुळ्यासारखा सगळ्यांकडं बघत होता. आपण एवढं विनोदी काय बोललो ते त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं. कल्लेवाल्या पोराचं हसू मात्र बंद झालं. हसायची पाळी आपली होती आणि ती भलतीकडंच गेली, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

केतकी हसली नाही. तिनं खांद्यावरच्या पर्समधून पिशवी काढली. म्हणजे ती घेऊनच निघाली होती. झटकून ती डोक्यात घातली आणि त्या पोराला म्हणाली, “विसरले नाही भाऊ. ही बघ. विट्याला आलास तर दुकानात ये, शेव चांगली असते.”

सिनेमा काय होता ते मला आठवत नाही. तो सुरू होऊन पडद्यावर नावं संपली असतील नसतील, तोच केतकी म्हणाली, “वैजू, घरी जाऊ या.” ती वसतिगृहाला पहिल्यांदाच घर म्हणाली होती. आम्ही दोघी मधूनच उठून चालत निघालो. वाटेत ती रडली, थोडं नाही, चांगलं रडली. पिशवी डोक्यावर तशीच होती, काढ म्हटलं तरी काढेना. लोक वळून बघत होते.

फाटकात पाटोळेबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. सिनेमा संपायच्या आत दोघीच कशा परत आल्या, ते त्यांनी विचारलं नाही. यशोधनचं नाव त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं आणि नंतरही त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी केतकीच्या डोक्यावरच्या पिशवीकडं बघितलं. मग उठून जवळ आल्या आणि कपाळावर आलेली तिची एक बट बोटानं उचलून पिशवीच्या आत नीट सारली.

“कडेनं केस सुटतात,” त्या म्हणाल्या. “माझे पण सुटले होते. चल आत. मूठभर शंकरपाळ्या ठेवल्यात तुझ्यासाठी.”